अमेरिकेत लँडस्केप आर्किटेक्ट व्हायचंय? आधी एएसएलए काय देतं आणि काय देत नाही ते नीट समजून घ्या

"ताई, एएसएलएची मेंबरशिप घेतली, म्हणजे आता मी रजिस्टर्ड लँडस्केप आर्किटेक्ट झालो ना?"

नाही झालास. एएसएलए ही लँडस्केप आर्किटेक्टांची, म्हणजे बागा, चौक अशा मोकळ्या जागांची आखणी करणाऱ्यांची, संघटना आहे, लायसन्स देणारं खातं नाही. आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की शेवटी ठरवलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकू. मी पुण्यातून बी.आर्क. केलं, २०१७ ला इकडे एमएलए (मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर) संपवलं, आता शिकागोजवळ एका ऑफिसात काम करते आणि लायसन्स मिळेपर्यंत जेवढे म्हणून गोंधळ घालता येतात तेवढे घातलेत. तुमचे तरी दोन-चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. व्हिसाचे नियम आणि फी बदलत राहतात, त्यामुळे फीचे आकडे इथे मुद्दाम देत नाही, क्रम मात्र हाच राहतो.

१. आधी चार नावं वेगळी करा

आपल्या डोक्यात भारतातलं चित्र पक्कं बसलेलं असतं. १९७२ चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, त्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, तिथे रजिस्ट्रेशन झालं की झालात आर्किटेक्ट. म्हणून इकडे आल्यावर आपण पहिलं काय शोधतो, तर "इथलं कौन्सिल कुठलं". आणि गूगलवर सगळ्यात वर येतं एएसएलए, मग आपण तेच धरून बसतो.

इथे कामं चौघांत वाटलेली आहेत.

एएसएलए, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, ही आपल्या व्यवसायातल्या लोकांची संघटना. ४ जानेवारी १८९९ ला न्यूयॉर्कमध्ये ११ जणांनी मिळून सुरू केली. त्यात एकच बाई होती, बिअ‍ॅट्रिक्स जोन्स, पुढे ती फॅरँड म्हणून ओळखली गेली, आणि ती स्वतःला शेवटपर्यंत लँडस्केप गार्डनर म्हणवून घेणंच पसंत करायची. या संघटनेत जाणं ऐच्छिक आहे. ती तुम्हाला लायसन्स देत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही.

एलएएबी हे कोर्सला मान्यता देणारं मंडळ. कुठल्या युनिव्हर्सिटीची कुठली डिग्री चालेल ते इथे ठरतं.

क्लार्ब ही सगळ्या स्टेट बोर्डांची मिळून केलेली संस्था. एलएआरई नावाची परीक्षा हेच लोक घेतात आणि तुमचं शिक्षण, अनुभव, निकाल असं सगळं रेकॉर्ड सांभाळतात.

आणि स्टेट बोर्ड. लायसन्स फक्त हेच देतं. प्रत्येक स्टेटचं बोर्ड वेगळं, कायदा वेगळा, फॉर्मही वेगळा.

आपल्याकडची गंमत म्हणजे भारतातल्या कायद्याच्या कलम ३७ मध्येच "लँडस्केप आर्किटेक्ट" आणि "नेव्हल आर्किटेक्ट" या दोन नावांना सूट दिलेली आहे. म्हणजे कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आर्किटेक्टला लागतं, फक्त लँडस्केपचं काम करणाऱ्यासाठी तसं वेगळं सरकारी रजिस्टरच नाही. २००३ पासून इसोला (इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स) आहे, पण तीही एएसएलएसारखीच व्यावसायिकांची संघटना. त्यामुळे लँडस्केपसाठी सरकारी लायसन्स ही कल्पनाच आपल्याला नवीन असते, आणि म्हणूनच आपण मेंबरशिपला लायसन्स समजून बसतो.

२. कॉलेज निवडताना डिग्रीचं पूर्ण नाव तपासा

एलएएबीच्या यादीत युनिव्हर्सिटीचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका. मान्यता डिग्रीला असते. एकाच डिपार्टमेंटमध्ये तीन वर्षांचं एमएलए असतं, बी.आर्क. वाल्यांसाठी थोडं कमी मुदतीचं असतं, आणि कधी कधी ज्यांची लँडस्केपची पहिली डिग्री आधीच झालीय त्यांच्यासाठी तिसरंच काहीतरी असतं. मान्यता यातल्या कशाकशाला आहे हे प्रोग्राम कोऑर्डिनेटरला ईमेल करून लेखी विचारा. उत्तर आलं की ते ईमेल जपून ठेवा.

माझ्या ओळखीतल्या एकीने एक वर्ष वाचतंय म्हणून छोटा कोर्स घेतला, आणि तो मान्यता असलेला नव्हता हे तिला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये कळलं. त्यामुळे लायसन्सचा रस्ता बंद होतो असं नाही, पण बऱ्याच स्टेट्समध्ये मग जास्त वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आणि व्हिसावर असताना जादा वर्षं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

३. विद्यार्थी असतानाच एएसएलएमध्ये या

वर म्हटलं की एएसएलए लायसन्स देत नाही. मग पैसे कशाला भरायचे? मीही पहिल्या वर्षी हाच विचार केला आणि मेंबर झाले नाही. ती चूक होती असं मला आज मनापासून वाटतं.

विद्यार्थ्यांची फी कमी असते. कॉलेजमध्ये बहुतेक ठिकाणी स्टुडंट चॅप्टर, म्हणजे संघटनेची विद्यार्थी शाखा, असतो, आणि बाहेर प्रोफेशनल चॅप्टर असतात, देशभरात ४९. चॅप्टरच्या पोर्टफोलिओ रिव्ह्यूला ऑफिसांमधले लोक येऊन बसतात, तुमचं काम उलटसुलट करून बघतात आणि स्पष्ट सांगतात. मला पहिली इंटर्नशिप अशाच एका संध्याकाळी मिळाली, त्याआधी मी ऑनलाइन साठेक ठिकाणी अर्ज टाकले होते आणि तीन उत्तरं आली होती. आपल्याकडे कुणाच्यातरी ओळखीने काम होतं म्हणून आपण नाकं मुरडतो, पण परक्या देशात ओळख बनवायची जागाच नसते, ती जागा म्हणजे हा चॅप्टर.

आता यातलं मोठं काम सांगते, जे एकटा माणूस कधीच करू शकला नसता. २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने लँडस्केप आर्किटेक्चरला स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांच्या यादीत घेतलं. त्यामागे एएसएलएने केलेला पाठपुरावा होता. याचा अर्थ एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना डिग्रीनंतर १२ महिन्यांच्या ओपीटीवर (शिकलेल्या विषयात नोकरी करायची परवानगी) आणखी २४ महिने मिळू शकतात, म्हणजे एकूण ३६. आमच्या वेळी १२ महिन्यांत सगळा खेळ. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव नाही आलं की बॅगा भरायच्या. माझ्या बॅचमधली दोन फार चांगली मुलं अशीच परत गेली, त्यांचं काम माझ्यापेक्षा उजवं होतं. पुढच्या बॅचेसना ती २४ महिन्यांची सवड मिळाली ती या संघटनेमुळे, हे मी विसरू शकत नाही.

यातले दोन सापळे मात्र बघून ठेवा. पहिला, तुमच्या आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) लँडस्केप आर्किटेक्चरचाच कोड आहे ना ते बघा, ०४.०६०१. काही जॉइंट डिग्रींमध्ये भलताच कोड पडलेला असतो. दुसरा, स्टेमची वाढीव मुदत हवी असेल तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का ते तपासायची सरकारी यंत्रणा) नोंदलेली लागते आणि आय-९८३ नावाचा ट्रेनिंग प्लॅन भरून द्यावा लागतो. चार-पाच जणांची छोटी ऑफिसं कामाला फार छान असतात, पण त्यातली कित्येक ई-व्हेरिफायमध्ये नसतात. इंटरव्ह्यूमध्येच विचारा, लाजू नका.

४. नावापुढे काय लिहिताय ते सांभाळा

हे हेडिंग दोनदा वाचा, कारण इथे आपली मुलं हमखास अडकतात.

भारतात कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलं की आपण अभिमानाने नावाआधी "आर्." लावतो. अमेरिकेत पाऊल ठेवलं की ते काढून टाका. इथे "आर्किटेक्ट" हे नाव स्टेटचं लायसन्स असल्याशिवाय वापरता येत नाही, तुमचं भारतातलं रजिस्ट्रेशन कितीही खरं असलं तरी. आणि तसंच "लँडस्केप आर्किटेक्ट" हे नावही. आपल्याकडे ज्या नावाला कायद्यातून सूट आहे तेच नाव इथे कायद्याने राखलेलं आहे, एवढा हा फरक उलटा आहे.

लायसन्स मिळेपर्यंत तुम्ही "लँडस्केप डिझायनर". प्रोफाइलवर, बिझनेस कार्डवर, ईमेलच्या सहीत, लग्नाच्या वेबसाइटवरसुद्धा. मी एमएलए झाल्या झाल्या ऑनलाइन प्रोफाइलवर लँडस्केप आर्किटेक्ट लिहिलं होतं, आमच्या ऑफिसच्या प्रिन्सिपलने, म्हणजे प्रमुखाने, बाजूला घेऊन शांतपणे समजावलं की उद्या तू बोर्डाकडे अर्ज करशील तेव्हा "यापूर्वी विनापरवाना हे नाव वापरलंय का" असा प्रश्न येऊ शकतो. त्या रात्री बसून सगळीकडचं बदललं.

नावानंतरची अक्षरंही बघून घ्या. "असोसिएट एएसएलए" म्हणजे नवीन पदवीधर मेंबर. नुसतं "एएसएलए" म्हणजे पूर्ण मेंबर. "एफएएसएलए" म्हणजे फेलो, तो मान असतो. यातलं एकही लायसन्स सांगत नाही. लायसन्स सांगणारी अक्षरं "पीएलए", प्रोफेशनल लँडस्केप आर्किटेक्ट. क्लायंटला हा फरक माहीत नसतो, म्हणून तो आपण पाळायचा.

५. कागदपत्रं आत्ताच गोळा करायला घ्या

भारतातून निघण्याआधी किंवा पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा:

- बी.आर्क. च्या पाचही वर्षांच्या मार्कलिस्ट आणि डिग्री सर्टिफिकेट
- युनिव्हर्सिटीची सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, निदान तीन-चार प्रती
- भारतातल्या कामाचं अनुभवपत्र, तारखा आणि आठवड्याचे तास लिहिलेलं
- कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनची प्रत, नोंद म्हणून
- पासपोर्ट, आणि नाव बदललं असेल तर गॅझेट किंवा मॅरेज सर्टिफिकेट

इथला खरा घोळ नावाचा. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. इथल्या युनिव्हर्सिटीने वडिलांचं नाव मिडल नेम केलेलं. बँकेने तेही उडवलेलं. असे एका माणसाचे चार माणसं होतात! आणि परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव आणि क्लार्बच्या खात्यावरचं नाव तंतोतंत एक लागतं. क्लार्बचं खातं उघडताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर जसं आहे तसंच भरा. माझ्या ट्रान्सक्रिप्टवर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून घ्यायला बाबांना कोल्हापूरहून तीन फेऱ्या माराव्या लागल्या, तेव्हा पाकीट सील करण्याआधी स्पेलिंग वाचून घ्या.

६. अनुभव नोकरी चालू असतानाच नोंदवा

बऱ्याच स्टेट्समध्ये मान्यताप्राप्त डिग्रीनंतर साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही लायसन्स असलेल्या लँडस्केप आर्किटेक्टच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे खरोखर तुमचं काम तपासणारा माणूस. ऑफिस मोठं आहे, आर्किटेक्ट आहेत, सिव्हिल इंजिनिअर आहेत, पण लँडस्केपचं लायसन्स एकाकडेही नाही अशी परिस्थिती बरीच दिसते. मग तो अनुभव पूर्ण धरायचा की अर्धा हे स्टेट ठरवतं.

क्लार्बच्या रेकॉर्डमध्ये कामाच्या तारखा भरल्या की तुमच्या सुपरवायझरकडे पडताळणीची विनंती जाते. नोकरी सोडताना शेवटच्या आठवड्यात हे करून घ्या. नंतर करू म्हटलं की सुपरवायझर निवृत्त होतो, फर्म विकली जाते, ईमेल बंद पडतो, आणि तुम्ही दोन वर्षांचे तास सिद्ध करत बसता.

७. एलएआरई: चार पेपर, आणि फूट-इंचाची सवय

परीक्षा कॉम्प्युटरवर, चार भागांत, वर्षातून तीनदा: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर. २०२३ च्या डिसेंबरपासून नवी रचना आहे. पहिला भाग साइटची पाहणी, विश्लेषण आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट. दुसरा प्लॅनिंग आणि डिझाइन. तिसरा कन्स्ट्रक्शनची ड्रॉइंग्ज आणि कामावरची देखरेख. चौथा ग्रेडिंग (जमिनीचे चढ-उतार ठरवणं), ड्रेनेज आणि पावसाच्या पाण्याचं व्यवस्थापन. सीनिअर लोकांच्या जुन्या नोट्स मिळाल्या तर आधी बघा की त्या नव्या रचनेच्या आहेत का, भाग तेव्हाही चारच होते, पण त्यातली वाटणी वेगळी होती.

चारही एकदम द्यायची गरज नाही, आणि क्रमही तुमचा. मी सांगेन की ग्रेडिंग लवकर घ्या, ऑफिसात रोज कंटूरशी, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषांशी, झटापट चालू असते तेव्हाच ते डोक्यात ताजं असतं.

आपण मेट्रिकमध्ये वाढलो, ही इथली खरी अडचण. १ इंच = २० फूट हा इथला रोजचा स्केल, तो १:२०० वाटतो पण असतो १:२४०. मी सुरुवातीला याच फरकाने प्लॅन चुकीचे मोजले. पण एक सांगू का, आपल्याकडे फुटांची मापं अजून जिवंत आहेत त्याचा उपयोग करा. १ एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट हे पाठ होत नसेल तर ४० गुंठे आठवा, १ गुंठा १,०८९ चौरस फूट, गुणाकार करून बघा, बरोबर येतो. मातीकाम इथे क्युबिक यार्डात, १ यार्ड म्हणजे २७ घनफूट. आपली १ ब्रास १०० घनफूट, म्हणजे पावणेचार यार्डांच्या जरा आत. साइटवर मुरमाचे ट्रक मोजलेल्या माणसाला हे चटकन बसतं.

पाण्याचं गणितही तसंच. वाहून जाणारं पाणी = गुणांक (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो) × पावसाची तीव्रता × क्षेत्रफळ. तीव्रता इंच प्रतितास आणि क्षेत्र एकरात घेतलं की उत्तर थेट घनफूट प्रतिसेकंद येतं. २ एकरांचं डांबरी पार्किंग, गुणांक ०.९, पाऊस तासाला ४ इंच, उत्तर ७.२. हे असं आपसूक का येतं ते एकदा स्वतः एककं मांडून काढा, मग विसरणार नाही.

उतारांचे आकडे मात्र पाठच हवेत. चालायच्या वाटेचा उतार ५ टक्क्यांपर्यंत असला तर ती वाट, त्यावर गेला की रॅम्प. रॅम्प जास्तीत जास्त १:१२. एका टप्प्यात चढ ३० इंचांपेक्षा जास्त नाही, मग ५ फुटांचं लँडिंग. आडवा उतार १:४८, म्हणजे जवळपास २ टक्के. हे अपंगांसाठीच्या एडीए कायद्याचे नियम आहेत, आणि ते नुसते परीक्षेपुरते धरू नका. माझ्या आजीला गुडघ्यांमुळे आमच्या गावातल्या देवळाच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या, ती खालूनच हात जोडायची. रॅम्प काढताना मला अजून तीच दिसते.

अभ्यास एकट्याने करू नका. बऱ्याच एएसएलए चॅप्टरचे स्टडी ग्रुप चालतात, कुणीतरी पास झालेलं येऊन शिकवतं, पुस्तकं फिरवली जातात. मी ग्रेडिंगमध्ये एकदा नापास झाले, घरी सांगितलंही नाही. मग चॅप्टरच्या ग्रुपमध्ये शनिवारी सकाळी जाऊन बसायला लागले आणि पुढच्या खेपेला पास झाले.

८. स्टेटचं लायसन्स

चार पेपर पास झाले म्हणजे लायसन्स आलं असं नाही, स्टेटकडे वेगळा अर्ज करायचा. क्लार्बचं रेकॉर्ड थेट बोर्डाकडे पाठवता येतं. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी स्वतःची जादा परीक्षा आहे. कॅलिफोर्निया हेच पहिलं स्टेट जिथे १९५३ मध्ये लँडस्केप आर्किटेक्टसाठी कायदा झाला. कॅनडात ओंटारिओकडे जाणार असाल तर तिथेही एलएआरई चालते, फक्त पुढचा अर्ज तिथल्या संघटनेकडे.

आणि आता इलिनॉयचं ऐका, कारण संघटना कशाला लागते ते मला इथे खरं कळलं. इलिनॉयचा लँडस्केप आर्किटेक्टचा कायदा मुदतीचा होता. २०२० सुरू झालं आणि मुदत संपून कायदाच गेला. मी पेपर देत होते आणि ज्या स्टेटमध्ये राहत होते तिथे या नावाला काही संरक्षणच उरलं नाही, कुणीही लॉन कापणारा उद्यापासून लँडस्केप आर्किटेक्ट लिहू शकत होता. मी मग शेजारच्या स्टेटकडे अर्ज केला. पण एएसएलएच्या इलिनॉय चॅप्टरची माणसं गप्प बसली नाहीत. आमदारांना भेटणं, पत्रं, दिवसभराचं ऑफिस करून संध्याकाळी मीटिंग, हे सगळं बिनपगारी. आम्हालाही आपापल्या मतदारसंघात पत्रं लिहायला सांगायचे, मला मत नव्हतं तरी मी सहकाऱ्यांच्या पत्रांचे मसुदे करून दिले. २०२१ मध्ये नवा कायदा मंजूर झाला आणि नाव परत राखीव झालं. बोर्ड कायदा राबवतं, क्लार्ब परीक्षा घेतं, पण कायदा टिकवायला धावणारं दुसरं कुणी नाही. मेंबरशिपची फी त्यासाठी असते.

९. त्यानंतर

लायसन्स दर एक-दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि बऱ्याच स्टेट्समध्ये ठरावीक तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. हे तास एएसएलएची परिषद, चॅप्टरची व्याख्यानं, ऑनलाइन कोर्स यांतून जमतात. सर्टिफिकेट त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका. स्टेट्स दोन असली तर रिन्यूअलच्या तारखाही दोन, फोनवर दोन महिने आधीचं रिमाइंडर लावा.

आणि पैशांचं. मेंबरशिप, क्लार्बचं रेकॉर्ड, चार पेपर, लायसन्स, सगळं मिळून नव्या पगारातून जड जातं. बरीच ऑफिसं यातला काही भाग उचलतात, काही पेपर पास झाल्यावरच परत देतात, पण न विचारता कुणी देत नाही. ऑफर लेटर हातात येईल तेव्हाच विचारा, आणि जे ठरेल ते त्या लेटरमध्ये लिहून घ्या.